छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी टेप घेऊन बागेत चला

“आमचं पाच एकर हाय, किती एचपीचा घेऊ ओ?” हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. विचारणारा कधी पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या रानात परतलेला पोरगा असतो, कधी निवृत्तीनंतर सोलापूरजवळ चार एकर घेतलेले गुरुजी असतात. दोघांनाही मी उलट विचारतो, रानात काय आहे आणि दोन ओळींत किती फूट आहेत? पाच एकर नुसती ज्वारी असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका, भाड्यानं सांगा. पाच एकर द्राक्ष असेल तर त्याच्याशिवाय ऑक्टोबरातली फवारणी निघणार नाही. एकर दोन्हीकडं पाचच.

मी मोहोळ तालुक्यातला. सात एकर रान, त्यात अडीच एकर डाळिंब, दीड एकर द्राक्ष, दोन एकर ऊस आणि उरलेल्यात ज्वारी. हा हिशेब मी पैसे घालवून शिकलो. पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा डाळिंबाची छाटणी नुकतीच उरकली होती. पानगळ झालेली, झाडं खराट्यासारखी, ओळीतून बैलगाडी जाईल एवढी मोकळीक. डेमोला आणलेला पावणेपाच फुटी ट्रॅक्टर आतून सरळ निघून गेला. लगेच घेतला. तीन-चार महिन्यांत बाग भरली, फांद्या फळांच्या ओझ्यानं ओळीत वाकल्या आणि तोच ट्रॅक्टर फवारणीला आत घातला, तर मडगार्डच्या पत्र्यावर फांद्या करकरत घासू लागल्या. मागून आई चालत येत होती. झडलेली लिंबाएवढी फळं ती पदरात वेचत होती. ओळ संपल्यावर तिनं शेडपुढं पदर रिकामा केला आणि काही न बोलता घरात गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तो ट्रॅक्टर दोन वर्षांत तोट्यानं विकला. दुसरा घेताना ज्या क्रमानं गेलो, तोच क्रम खाली देतो.

पहिलं काम : फट मोजा, तीही बाग भरलेली असताना

डाळिंबाला साधारण साडेचार बाय तीन मीटर, म्हणजे आपल्या भाषेत पंधरा बाय दहा फूट अंतर सांगतात. प्रत्यक्षात आपल्याकडं चौदा बाय दहा, बारा बाय आठ अशाही बागा भरपूर आहेत. द्राक्षात नऊ बाय पाच, दहा बाय सहा असं काहीतरी असतं. लागवडीचा हा आकडा ट्रॅक्टरच्या उपयोगाचा नाही. ट्रॅक्टरला लागते ती खोडाखोडातली नव्हे, फांदीफांदीतली फट.

द्राक्षाचं गणित सोपं आहे. ओळ नऊ फुटांची. त्यात बोद, म्हणजे वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा, तीन फुटांचा धरा, उरले सहा. ठिबकच्या नळ्या, बोदाची ढासळती कड आणि चालवणाऱ्याचा हात थोडा इकडंतिकडं होणं, यासाठी दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच सोडा. राहिले साडेचार फूट. मशीन, मग तो ट्रॅक्टर असो, माती भुसभुशीत करणारा रोटर असो की औषध फवारणारा ब्लोअर, यातलं सगळ्यांत रुंद जे असेल ते साडेचार फुटांच्या आत बसलं पाहिजे. चार फुटांचं असेल तर झोप शांत लागेल.

डाळिंबात एवढं सरळ जमत नाही, कारण झाडाचा घेर दर महिन्याला बदलतो. म्हणून मी टेपपेक्षा पाइपावर विश्वास ठेवतो. पीव्हीसीचा जुना पाइप घ्या आणि जो ट्रॅक्टर मनात आहे त्याच्या रुंदीएवढा कापा. माहितीपत्रकात एकूण रुंदी दिलेली असते, ती मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांची. पाइप दोन्ही हातांत आडवा धरून भरल्या बागेतली एक पूर्ण ओळ चाला. एकदा गुडघ्याच्या उंचीवर, एकदा छातीच्या उंचीवर. किती ठिकाणी फांदीला लागतो ते मोजा. शंभर झाडांच्या ओळीत चार-पाच ठिकाणी लागला तर फांद्यांना आधार देऊन, बांधून घेता येईल. चाळीस ठिकाणी लागला तर तो ट्रॅक्टर तुमचा नाही. मी हे केलं तेव्हा शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून हसत होते. पुढच्या वर्षी तेच पाइप मागायला आले.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला फळं झडण्यापलीकडचं एक कारण आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग. जखमेतून त्याला आत शिरायला वाट मिळते आणि पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. मडगार्डनं खरचटलेली प्रत्येक फांदी म्हणजे त्याला उघडं दार. पावसाळी बहार धरणाऱ्यानं, म्हणजे पावसाळ्यात फुलं-फळं घेणाऱ्यानं, तर हे पाटीवर लिहून शेडात लावावं.

रुंदी झाली की उंची. द्राक्षाच्या मांडवाखालून जायचं तर बॉनेटवर उभा सायलेन्सर नको. गरम धूर थेट कोवळ्या फुटीवर जातो आणि पानं करपतात. खाली किंवा बाजूला वळवलेल्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर पाहा. तुम्ही स्वतः सीटवर बसल्यावर डोकं तारेला लागतं का, तेही पाहा. पाहुण्याच्या बागेत बसून पाहिलेलं चालणार नाही, प्रत्येकाची तार वेगळ्या उंचीवर असते.

ओळीच्या टोकाला वळायला किती जागा आहे, ते बहुतेक जण विसरतात. द्राक्षात शेवटच्या खांबाला ताण दिलेली तार जमिनीत तिरपी गाडलेली असते, आणि रात्रीच्या फवारणीत ती हमखास चाकात येते. नुसता छोटा ट्रॅक्टर सात-आठ फुटांच्या वळणात फिरेल, पण मागं ओढायचा ब्लोअर जोडला की पंधरा फूट तरी मोकळे हवेत. बांध आणि ताणाची तार यांच्यामध्ये एवढी जागा नसेल तर ओढायच्या ब्लोअरऐवजी तीन पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टच्या दांड्यांवर, उचलायचा ब्लोअर घ्यावा लागेल. मग ट्रॅक्टरची उचल जास्त हवी. पाहा, वळायच्या जागेनं ट्रॅक्टर बदलला.

दुसरं काम : वर्षभराच्या कामांची यादी, आणि त्यातलं एक काम खोडून टाकणं

वहीचं एक पान घ्या. वर्षभर ट्रॅक्टर काय-काय करणार ते लिहा आणि पुढं तास मांडा. माझं पान साधारण असं आहे. द्राक्ष-डाळिंबाची फवारणी, सगळ्यांत जास्त तास. ओळीतलं तण रोटरनं काढणं. शेणखत आणि द्राक्षाचे क्रेट ट्रॉलीतून वाहणं. उसाची बाळबांधणी, म्हणजे कोवळ्या उसाला माती लावणं. ज्वारीला फण आणि पेरणी. नांगरट.

यातली नांगरट मी खोडली. मंगळवेढा-मोहोळकडची खोल काळी जमीन दोन फाळी पल्टी नांगरानं उलटायची तर ४५-५० एचपीचा गडी लागतो. छोट्याला ते झेपत नाही, झेपवायला गेलं तर चाकं जागेवर फिरतात आणि डिझेल जळतं. वर्षातून एकदा, काही तासांचं काम. गावात मोठे ट्रॅक्टर उभेच आहेत, भाडं द्या आणि मोकळे व्हा. या एका कामापायी पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर घेतलेले दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. उरलेले अकरा महिने तो बागेच्या तोंडाशी उभा असतो, कारण आत मावत नाही.

ऊस कारखान्याला ओढण्याचं स्वप्नही इथंच खोडा. ते मोठ्या ट्रॅक्टरचं आणि टोळीचं काम आहे.

उसात छोट्याचा खरा उपयोग आंतरमशागतीला. पाच फुटी सरीत साधारण तीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर पहिले तीन महिने आरामात फिरतो. साडेचार फुटीत जपून. चार फुटी सरी असेल तर ट्रॅक्टर विसरा, पॉवर टिलर किंवा वीडर घ्या, पैसे वाचतील.

तिसरं काम : एचपी नव्हे, पीटीओची एचपी विचारा

बॉनेटच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेली ताकद इंजिनाची असते. रोटर आणि ब्लोअर फिरतो तो मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचेपर्यंत गिअर, पंप वगैरे आपापला वाटा खातात. पीटीओवर साधारण ८५ ते ९० टक्के उरते. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर २०-२१ धरा.

आता अवजाराची रुंदी. ढोबळ मानानं १५ ते १८ एचपीला तीन फुटी रोटर, २४ ते ३० ला चार फुटी, त्याहून रुंद हवा तर पुढं चला. दुकानात “चार फुटी आरामात ओढतो की!” असं १८ एचपीबद्दल सांगितलं तर ओढेलही, पण हलक्या भुसभुशीत रानात आणि वर-वर. आपल्या काळ्या मातीत वापसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, थोडा चुकला की इंजिन गुदमरतं.

एका फुटानं काय फरक पडतो ते आकड्यात पाहू. चार फुटी, म्हणजे १.२ मीटर रोटर ताशी ३ किलोमीटर वेगानं चालला तर तासाला ३,६०० चौरस मीटर होतात. वळणं, थांबणं, अडकलेलं गवत काढणं धरून त्यातला पाऊण हिस्साच पदरात पडतो, २,७०० चौरस मीटर म्हणजे २७ गुंठे. एकराला दीड तास. तीन फुटी रोटर कमी ताकदीच्या ट्रॅक्टरवर ताशी अडीच किलोमीटरनं गेला तर तासाला सतराच गुंठे, एकराला जवळपास अडीच तास. दोन एकराच्या बागेत हा फरक सोसतो. सहा एकराच्या बागेत, वर ढग दाटलेले असताना, सोसत नाही.

फवारणी करणाऱ्यानं आणखी एक गोष्ट पाहावी. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना ट्रॅक्टर सावकाश, ताशी दोन-अडीच किलोमीटरनं चालला पाहिजे. माहितीपत्रकात गिअरनिहाय वेगाचा तक्ता असतो. त्यात एवढा संथ गिअर नसेल तर ब्लोअर पूर्ण जोरात आणि ट्रॅक्टर पळतोय, औषध पानांच्या खालच्या बाजूला पोचतच नाही. ५४० ई असं लिहिलेलं असेल तर कमी इंजिन फेऱ्यांवरही पीटीओ ५४० देतो, हलक्या कामात डिझेल वाचतं.

चौथं काम : पाण्याचं वजन

ही चूक नवखा माणूस हमखास करतो. चारशे लिटरचा ब्लोअर म्हणजे चारशे किलो पाणी. लोखंड, पंप, पंखा मिळून आणखी दोनशेच्या आसपास. सहाशे किलो झाले. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी२४४१ हे दोन्ही २४ एचपीचे, दोन्हींची उचल ७५० किलो सांगितलेली. जॉन डिअरच्या ३०२८ ईएनची, तो २८ एचपीचा, ९१० किलो. कागदावर सहाशे कुठंही बसतात.

पण उचलीचा आकडा बऱ्याचदा खालच्या दांड्यांच्या टोकापाशी मोजलेला असतो, आणि टाकीचं वजन टोकापासून आणखी दीड-दोन फूट मागं असतं. पाणी भरलेली घागर छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, तेच इथं. शिवाय लिफ्टनं उचललं तरी पुढची चाकं जमिनीवर राहतील याची खात्री नाही. बांधावर चढताना ट्रॅक्टर तोंड वर करतो, स्टिअरिंग फिरतं आणि गाडी मात्र सरळ जाते. पुढं लोखंडी वजनं लावायची सोय आहे का आणि ती किमतीत धरलीत का, विचारून घ्या. टाकी पूर्ण भरून चढावर चालवून पाहिल्याशिवाय मी तरी उचलायच्या ब्लोअरचा सौदा करणार नाही.

ओढायच्या ब्लोअरला लिफ्ट लागत नाही, ब्रेक लागतो. सहाशे लिटर भरलेला ब्लोअर उतारावर छोट्या ट्रॅक्टरला मागून ढकलतो. रस्त्यावर जाताना डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं जोडलेले असावेत. शेतात वळायला सोपं म्हणून पट्टी काढतात आणि तशीच डांबरीवर जातात; एकाच चाकाचा ब्रेक लागला की गाडी आडवी.

पाचवं : जमीन आणि चाकं

इथं माझं मत ठाम आहे. तीस एचपीच्या आतला आणि बागेसाठी घ्यायचा असेल तर चारही चाकांना ताकद जाणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच घ्या. छोटा ट्रॅक्टर मुळात हलका, त्याच्या दोन चाकांना पकड ती किती असणार? द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस पडला की डाऊनी रोग यायला वेळ लागत नाही, आणि तेव्हाच, रान ओलं असतानाच, फवारणीला आत जायचं असतं. वापसा येईपर्यंत थांबायची सोय नसते. कासेगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, त्या आठ-पंधरा दिवसांत दोन चाकांचा ट्रॅक्टर कसा रुततो.

सांगोला-करमाळ्याकडच्या मुरमाड, खडकाळ रानात चित्र वेगळं. तिथं रुतण्याचा त्रास कमी, पण रोटरची पाती दगडावर झिजतात आणि तुटतात. तिथं रोटरपेक्षा फणावर आणि टायरच्या दर्जावर जास्त पैसे घाला.

पकड पुरते का हे बघायचा एक घरगुती उपाय. मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा. अवजार वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग अवजार जमिनीत घालून तेवढ्याच फेऱ्यांत किती जातं ते मोजा. मोकळा ३० मीटर गेला आणि ओझ्यानं २६, तर घसरण १३ टक्क्यांची. १५ च्या आत असेल तर ठीक. फार जास्त निघाली तर टायरमध्ये पाणी भरा किंवा अवजार लहान करा.

आता कुठला गट कुणाला

१५ ते १८ एचपी. महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७ हे एका सिलिंडरचे १५ एचपीचे, सुटसुटीत आणि दुरुस्तीला सोपे. इंजिन धडधडतं, तासन्‌तास फवारणी केली तर संध्याकाळी हात बधिर होतात. व्हीएसटीचा १८० डी यापेक्षा थोडा वरचा. दोन-तीन एकर, भाजीपाला, उसाची आंतरमशागत, घरचं शेणखत वाहणं, एवढंच काम असेल तर हाच गट. मोठ्या ब्लोअरच्या नादी लागू नका.

२० ते २८ एचपी. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक बागायतदारांचं उत्तर इथं सापडतं. वर सांगितलेले जिवो २४५, निओस्टार, ३०२८ ईएन, शिवाय २०२३ साली आलेल्या महिंद्रा ओजा मालिकेतले २१ आणि २७ एचपीचे ट्रॅक्टर. चार फुटी रोटर, पाचशे-सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर, दीड टनापर्यंतची ट्रॉली. माझा दुसरा ट्रॅक्टर याच गटातला आहे.

तीसच्या वर फक्त तेव्हाच, जेव्हा ओळ दहा फुटांपेक्षा रुंद आहे, बाग सात-आठ एकरांच्या वर आहे, आणि उघड्या रानातलं कामही बरंच आहे.

पैशाचा हिशेब, जरा रुक्ष

समजा ट्रॅक्टर सहा लाखांना पडला आणि दहा वर्षांनी दोन लाखांना विकला. वर्षाला चाळीस हजारांची घट. अडकलेल्या पैशावर, सरासरी चार लाखांवर, दहा टक्क्यांनी व्याज आणखी चाळीस हजार. विमा, किरकोळ धरून दहा. म्हणजे ट्रॅक्टर शेडात उभा असला तरी वर्षाला नव्वद हजार जातात. वर्षात ३०० तास चालला तर तासाला तीनशे रुपये, १०० तासच चालला तर नऊशे. त्यावर डिझेल. २४ एचपीचा ट्रॅक्टर रोटरवर तासाला तीन ते चार लिटर पितो, लिटरला नव्वद धरले तर तीनशेच्या पुढं. देखभालीचे पन्नास. एकूण ३०० तासांना साडेसहाशेच्या घरात, १०० तासांना साडेबाराशेच्या वर.

तुमच्या गावातला भाड्याचा दर तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याशी ताडून पाहा. भाड्यापेक्षा महाग पडत असेल तरी फवारणीवाल्यानं घ्यावा असं मी म्हणेन, कारण पावसानंतरच्या सकाळी भाड्याचा ब्लोअर अख्ख्या गावाला एकदमच हवा असतो. बाकीच्यांनी मात्र हिशेबाचं ऐकावं.

कागदपत्रं, आणि त्यांचा क्रम

अनुदान हवं असेल तर दुकानात जायच्या आधी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. कृषी यांत्रिकीकरणात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, पण ठरलेल्या कमाल मर्यादेत. ट्रॅक्टरचे ८ ते २०, २० ते ४० आणि ४० ते ७० एचपी असे गट आहेत, अर्ज करतानाच गट निवडावा लागतो, म्हणून वरची सगळी मोजामोज त्याआधी. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो.

क्रम चुकवू नका. अर्ज, निवड, पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान विसरा. “आधी घेऊन जा, कागद नंतर बघू” असं सांगणारा विक्रेता तुमच्या अनुदानाचा विचार करत नसतो, त्याला महिन्याचा कोटा पुरा करायचा असतो. आमच्या भावकीतल्या एकानं पाडव्याचा मुहूर्त गाठायला असंच केलं. मुहूर्त साधला, अनुदान गेलं.

किमतीची तुलना करताना जुनी कोटेशनं फेकून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५. कोटेशनमध्ये रोटर, पुढची वजनं, हूक, टॉप लिंक, विमा आणि पासिंग वेगवेगळं लिहून मागा. पासिंग आपल्या तालुक्याप्रमाणं सोलापूरला एमएच १३ वर किंवा अकलूजला एमएच ४५ वर होतं.

एक कागद मात्र कुणीच मागत नाही, तो मागा. मध्य प्रदेशात बुदनी इथं ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची खरी ताकद, उचल, डिझेलचा खप, ब्रेक, सगळं मोजून दिलेलं असतं. माहितीपत्रक कंपनी छापते, हा अहवाल तिसऱ्यानं मोजलेला असतो. विक्रेत्याकडं नसेल तर मॉडेलचं नाव टाकून इंटरनेटवर शोधता येतो.

डेमो तुमच्याच रानात, तुमच्याच अवजारावर

कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर फिरवलेला ट्रॅक्टर बघून काही कळत नाही. डेमो स्वतःच्या बागेत मागा, शक्यतो पाणी दिल्यानंतर वापसा येता-येता. टाकी पूर्ण भरा. सगळ्यांत अरुंद ओळ निवडा, आणि चालवायला कंपनीच्या माणसाला बसवू नका. त्याचा हात बसलेला असतो, तो सुईच्या नेढ्यातूनही काढेल. तुम्ही बसा, किंवा रोज जो चालवणार आहे त्या गड्याला बसवा.

मीटरवर नजर ठेवा. रोटर पूर्ण खोल घातल्यावर इंजिनाच्या फेऱ्या किती पडतात आणि परत वर येतात का? थोड्या पडून स्थिर राहिल्या तर चांगलं. पडतच गेल्या तर अवजार मोठं आहे. खाली उतरून चाकामागं पाहा, ठिबकची नळी दबली का, बोदाची कड ढासळली का. आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, सुटे भाग सोलापुरातच मिळतात की मागवावे लागतात, हे त्या विक्रेत्याला नव्हे, तोच ट्रॅक्टर तीन वर्षं वापरणाऱ्याला विचारा. फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर बाकी सगळी मोजामोज वाया जाते.

घरी आणल्यावर पहिले ५० तास जड काम देऊ नका आणि त्यानंतरची पहिली सर्व्हिस टाळू नका, तेलाबरोबर इंजिनातला सुरुवातीचा लोखंडाचा कीस निघून जातो. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण ग्रीस करायला अडचण होते म्हणून आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात. ते राहू द्या. उपरणं, पदर, ओढणी त्या शाफ्टला गुंडाळायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. आमच्या घरात आता नियम आहे, पीटीओ चालू असताना ट्रॅक्टरच्या मागं कुणी चालायचं नाही, फळं वेचायलाही नाही. आई बांधावर उभी राहते आणि ओळ संपली की हात वर करते.